भारतीताईंची काळी खिडकी

आमच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये रंगाची पूड कुठून येते कळत नाही, पण टेबलावर थर असतोच. भारतीताईंचे किस्से तसेच साठलेत! कुठला लॉट कुठल्या रंगात रंगवायचा ते मेलवर ठरतं, आणि ते मेल सांभाळतात ताई. मी समोर, डिस्पॅचला.

*

एकदा त्यांच्या माउसवर चहा सांडला. आम्ही म्हटलं, आज काम बंद! ताईंनी स्क्रीनवर हुकूम टाइप करायची एक काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली, आणि हवा तोच मेल समोर! माउसला हात नाही.

"ताई, हा काय मंतर?"

"मंतर कसला भाऊ? पत्ता माहीत असला की घर सापडतं."

*

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला, तो बघतच राहिला. "बेन, हे कुठल्या क्लासला शिकवतात?"

"नवागामच्या शेअर रिक्षात," ताई म्हणाल्या. "मोबाइलवर वाचत यायचं."

ताई आधी फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालायच्या, हे त्याला सांगितलंच नाही. बिचाऱ्याने आधीच खुर्ची धरली होती!

*

मिलमध्ये प्रत्येक लॉटच्या कापडाला कार्ड बांधतात. ताई म्हणाल्या, "कापडाला कार्ड, मग मेलला का नको?" त्यांनी रंगाच्या मंजुरीच्या प्रत्येक मेलचा, स्क्रीनवर वरच्या पट्टीत दिसणारा लांबलचक पत्ता लॉट नंबरच्या नावाने जपून ठेवला. काळ्या खिडकीत लॉट आणि नंबर लिहा, मेल हजर! खरं सांगतो, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

*

मलाही खाज आली. ताई जेवायला गेल्यावर नवा मेल उघडायची ओळ लिहिली आणि काहीतरी भलतंच जोडलं. धडाधड चाळीस कोरे मेल! स्क्रीन दिसेना.

ताई डबा पुसत आल्या. "एवढी पत्रं कुणाला भाऊ, सासुरवाडीला?"

*

आणि परवाचं. एका व्यापाऱ्याने लॉट ४१२ परत पाठवला. बॉटल ग्रीन हवा होता, आला मेंदी. मिलचे शेठ भडकले. सगळ्यांना मीटिंगला बोलावलं आणि आमच्या रंगाऱ्याला, उखादादांना म्हणाले, "कालथी नहीं आवता!" म्हणजे उद्यापासून कामावर येऊ नका.

बावीस वर्षं भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस. कसेबसे म्हणाले, "शेठ, तुम्हीच मेंदीला हो म्हटलं होतं."

"मी? दाखव!"

दादांना मेल कुठला दाखवता येणार? ते हात पुसत राहिले. माझा जीव तुटत होता.

ताई उठल्या. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला त्यांचाच कॉम्प्युटर जोडलेला होता; काळ्या खिडकीत टाइप केलं: लॉट ४१२. एंटर.

भिंतभर शेठचा मेल. खाली शेठचंच नाव. "बॉटल ग्रीन रंग खलास छे. मेंदी चालशे. करी नाखो." करून टाका म्हणे!

उखादादांनी डोळ्याला बाही लावली. शेठ हळूच म्हणाले, "भारतीबेन, आ बंध केम थाय?" हे बंद कसं करायचं, एवढंच विचारलं.

ताई म्हणाल्या, "शेठ, मला फक्त उघडता येतं."