तीन दारांची खोली

बाबली परबाला आयुष्यात एकच सुतारकी येते, आंब्याच्या पेटीची. फळीला फळी, आडवी पट्टी, चार खिळे, झालं. त्यामुळे तो काहीही बनवो, ते पेटीसारखंच दिसतं. कोंबड्यांचा खुराडा पेटीसारखा, देवाचा चौरंग पेटीसारखा, आणि बायकोसाठी केलेलं मसाल्याचं फडताळ तर थेट पेटीच. "एक दिवस माका ह्याच्यातच भरून वाशीच्या मार्केटात धाडतलो," असं ती विहिरीवर सांगायची. वाशीला काही गेली नाही ती. चार वर्षांपूर्वी घरातच गेली.

आता आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातो. खिळे ठोकायला बाबलीला कोणी बोलवत नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस, थोडी काजू, चार माड, आणि मसुऱ्याच्या अलीकडे आमच्या वाडीत चिऱ्याचं कौलारू घर. घर म्हणजे अर्धं घर.

एकोणीस वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा भावाभावांनी माजघराच्या मधोमध भिंत घातली. चांगलं चौकोनी माजघर होतं, त्याच्या होडीसारख्या लांबोड्या दोन खोल्या झाल्या. बाबलीच्या वाट्याला आली ती अठरा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. खाट आडवी टाकली तर जायची वाट बंद, उभी टाकली तर कुठलं तरी दार बंद. कारण खोलीला दारं तीन. एक पडवीत, एक रांधपघरात आणि तिसरं त्या नव्या भिंतीत, थोरल्याच्या वाट्यात उघडणारं.

ते तिसरं दार ठेवलं गणपतीसाठी. घर वाटलं तरी गणपती वाटत नाहीत. तो थोरल्याकडेच बसतो. चवथीला दोन्ही अंगांच्या कड्या निघायच्या, बाबली आपल्या हातांनी बांधलेली माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, त्या दारातून आत न्यायचा. विसर्जन झालं की कड्या परत लागायच्या. पुढे थोरला वारला. त्याची मुलगी गोव्यात दिलेली. भिंतीपलीकडे उरली एकटी सावित्रीवयनी, सत्तरीची, जिभेला धार असलेली.

दार वर्षभर बंद असायचं खरं, पण त्याच्या फळ्या वाळून आत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. त्यातून सगळं इकडचं तिकडे व्हायचं. बाबली सकाळी पेज चुलीवर ठेवून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जायचा आणि विसरायचा. मग पलीकडून हाक यायची.

"रे बाबल्या! पेज तळाक लागली. नाकात बोळे घातलंस काय?"

"लागांदे. माका तशीच आवाडता."

"आता आवाडता! बायल होती तेवा वाडगो भिरकावी होतंस मेल्या."

"गो वयनी, तू आपलो टीवी बारीक कर. सासू सुनेक मारता ता माका हय आयकाक येता."

"मगे आयक. फुकट मिळता."

हे रोजचं. दोघं एकमेकांचं तोंड मात्र आठवडा आठवडा बघत नसत.

बाबलीचा मुलगा सुदेश ठाण्याला कुरिअरच्या गोदामात. चवथीला बायको नम्रता आणि मुलगी दिव्या यांना घेऊन येतो. आई होती तोवर राहायचे. ती गेल्यापासून यायचे, पाया पडायचे, जेवायचे आणि तिन्हीसांजेला गाडी काढून आचऱ्याला नम्रताच्या माहेरी झोपायला जायचे. तिथे स्लॅबचं घर, लाद्या घातलेली न्हाणी, प्रत्येक खोलीला एकच दार. बाबली बॅटरी घेऊन खळ्यात उभा राहायचा, गाडी मागे घेताना माडाला लागू नये म्हणून. गाडी वळली की बॅटरी विझवायची.

"रव आजची रात," असं तो एकदाच म्हणाला, गेल्या साली.

सुदेश म्हणाला, "बाबा, हय झोप लागणा नाय. काकीचो खोक, टीवी, फटीतसून डोळ्यार उजवाड. आणि कोण पाण्याक उठलो तर आमच्या अंगावरसून जातलो."

खोटं काहीच नव्हतं.

मग या वैशाखात दिव्याचा फोन आला. बारा वर्षांची पोर, मालवणी समजते, बोलत नाही. "आजोबा, तुम्हाला एक व्हिडिओ पाठवलाय. अडचणीची खोली घरच्या घरी कशी छान करायची त्याचा. तुम्ही तशी खोली केलीत तर आम्ही राहू."

मागून सुदेश "असं कबूल करू नको त्यांना" म्हणाला. बाबलीने पोरीचं 'आम्ही राहू' तेवढंच कानात धरलं.

व्हिडिओतली बाई भराभर बोलायची. बाबलीने तो इतक्यांदा बघितला की तिची वाक्यं त्याला पाठ झाली. भिंती फिक्या ठेवा. अरुंद अंगाला आरसा लावा. खाट दुमडती करा. वरून उजेड घ्या. आणि नको असलेलं दार फडताळाने झाकून टाका.

तो कामाला लागला. चुन्यात चिमूटभर नीळ घालून त्याने भिंतींना तीन हात दिले. बायकोच्या कपाटाला वाळवी लागली होती, त्याचा आरसा तेवढा शाबूत होता. तो काढून लांब भिंतीवर ठोकला. खोली एकदम दुप्पट दिसली, आणि आपण दोन दिसलो, म्हणून त्याने आरसा थोडा सरकवला. तिच्या ट्रंकेतली दोन सुती पातळं काढून रांधपघराच्या दाराला पडदा केला. नाहीतरी कसरच खाणार होती ती. भिंतीला बिजागऱ्या मारून फळ्यांची खाट केली, दिवसा साखळीने वर अडकवायची. विकत म्हणाल तर बिजागऱ्या, साखळी आणि दोन काचेची कौलं. ती चढवली तेव्हा जमिनीवर उन्हाचे दोन चौकोन पडले. बाबली बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. मग उठून कौलांवर उड्या मारणाऱ्या वांदरांसाठी गलोल शोधून ठेवली.

ठोकाठोकी चालू असताना पलीकडून चौकशी व्हायची.

"घर बांधतंस काय पाडतंस रे?"

"खोली सजवतंय."

"आता ह्या वयात? बायल हाडतंस काय दुसरी?"

"सुदेश रवतलो यंदा. पोरगी बोलली माका."

पलीकडचा टीव्ही बारीक झाला. मग, "बरा आसा. रवांदे," एवढंच.

शेवटी राहिलं तिसरं दार. माळ्यावर जुन्या लाकडी पेट्या होत्या, कुठल्या तरी बागायतदाराचा लाल छाप असलेल्या. त्या एकावर एक चढवून त्याने दाराच्या चौकटीएवढं फडताळ केलं. पण पेटीच्या फळ्यांमध्ये फट असायचीच. आंब्याला वारा लागतो, म्हणून तसंच ठोकायची त्याच्या हाताला सवय. मग त्याने सोडणं घेतली, म्हणजे नारळावरची शेंडीची सालं, ती कुटून काथ्या मोकळा केला आणि फडताळ नि दार यांच्यामध्ये दाबून दाबून भरला. वर पट्ट्या.

"काय कोंबतंस थंय?" वयनीचा आवाज अर्धा झाला होता.

"दार बुजवतंय. तुजो टीवी येता."

"आणि चवतीक खंयसून येतलंस?"

"खळ्यातसून. पाय मोडले नाय माजे."

तिने काही तरी उत्तर दिलं असावं. तोवर वरची पट्टी बसली होती.

चवथीला बाबली माटवी डोक्यावर घेऊन, पावसातून, खळ्याला वळसा घालून थोरल्याच्या पडवीत गेला. शेजारच्या घरची माणसं येतात तसा. वयनीने दारात येऊन बघितलं. आत गेली, चटई आणून अंथरली.

"बसा भावोजी," ती म्हणाली.

लग्न होऊन आली तेव्हा बाबली अकरा वर्षांचा, नाक पुसायला येत नव्हतं. त्याला तिने आज पहिल्यांदा 'बसा' म्हटलं. चहाही रोजच्या स्टीलच्या पेल्यात नाही, बशीसकट कपात आणून दिला. बाबलीने तो प्यायला, माटवी बांधली आणि खळ्यातून परत आला. वाटेत पायताण चिखलात अडकलं, ते उपसून हातात घेतलं.

दुपारी सुदेश आला. दिव्या खोलीत शिरली आणि ओरडली. तिने साखळी सोडून खाट पाडली, वर चढवली, परत पाडली. नम्रताने फोटो काढले, पेट्यांवरच्या लाल छापाचे मुद्दाम जवळून. "बाबा, शहरात असली फडताळं मुद्दाम विकत घेतात हो." सुदेशने फडताळावर टकटक करून कान लावला. "काकी घरात नाय काय? कायच आयकाक येणा नाय."

"आसा," बाबली म्हणाला.

आणि ते राहिले. तिन्हीसांजेला गाडी निघाली नाही. बाबली पडवीत घोंगडीवर पडून खोलीकडे कान लावून होता. कोणी खोकलं नाही, कोणी कूस बदलली नाही. सकाळी आठपर्यंत तिघंही झोपलेले होते. एवढंच त्याला हवं होतं आणि ते त्याला मिळालं. नाष्टा करून ते आचऱ्याला गेले. नम्रताच्या भावाकडे सत्यनारायण होता, तिथूनच परस्पर ठाण्याला. "पुढल्या वर्षा दोन राती," सुदेश गाडीतून म्हणाला.

त्यानंतर घर गप्प झालं. आधीही माणसं तेवढीच होती, एक.

भाद्रपद सरता सरता एक दिवस बाबलीने पेज ठेवली आणि नव्या खाटेवर जरा पाठ टेकली. खोली थंड, वरून उजेड, आवाज नाही. डोळा लागला. जाग आली ती धुराने. रांधपघरात टोप काळा ठिक्कर, पेजेचा कोळसा, झाकण वाकडं झालेलं. चूल विझवून तो खोकत परत खोलीत आला आणि फडताळासमोर उभा राहिला. कसली वाट बघतोय ते त्याला उभं राहिल्यावर कळलं.

तो पटाशी घेऊन बसला. सगळ्यात खालच्या पेटीची मागची फळी उचकटली, काथ्या ओढून बाहेर काढला, हात खांद्यापर्यंत आत घालून, वर चाचपत आपल्या अंगची कडी सरकवली आणि दार ढकललं. दार हललं नाही.

"वयनी! गो वयनी! दार कित्याक उघडणा नाय?"

"कडी तर आसाच, तांदळाचो पीप पण लावलंय थंय." आवाज अगदी जवळून आला. "जागा फुकट कित्याक घालवू?"

"माजी पेज करपली."

"ठावक आसा. धूर दिसलो."

"मगे हाक मारूक नाय?"

"दार बुजवलंस तू. आता काय भिंतीक हाक मारू?"

बाबलीने आत घातलेल्या हाताने दार परत एकदा रेटलं. मग म्हणाला, "पीप सरकव मगे."

"भरलेलो आसा. माज्यान सरकणा नाय."

"मी इलंय तर सरकात."

"मगे ये. खळ्यातसून ये. पाय मोडले नाय मां तुजे?"

बाहेर पाऊस नव्हता. वळसा वीस पावलांचा. बाबली गेला नाही. परत ती चटई, परत तो कप, परत 'बसा', हे त्याला नको होतं. टोप घेऊन विहिरीवर गेला आणि राखेने घासत बसला. तळ काही उजळला नाही.

त्या रविवारी सुदेशचा फोन आला. दिव्याने खोलीचे फोटो शाळेत दाखवले म्हणे. "बाबा, खोली तशीच ठेवा हां."

"तशीच आसा," बाबली म्हणाला.

खालची पेटी तेवढी रिकामी आहे. तिच्यात तो काही ठेवत नाही आणि मागची फळीही त्याने परत मारलेली नाही. दुपारी खाट पाडली की तो डोकं त्या अंगाला करून पडतो. पिंपाच्या पलीकडून बोलणं येत नाही. ती हाक मारत नाही, तोही मारत नाही. कधी कधी तेवढा आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ किसल्याचा आवाज येतो. एका माणसापुरती खोबऱ्याची अर्धी कवड. ती लगेच संपते.