पिशवी काढली, गळणं राहिलंच

काल आमच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर एकीने विनोद टाकला... चाळिशीनंतर बायका हसताना पाय जवळ का घेतात. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी फोन पालथा ठेवला.

दोन हजार सालच्या आसपास मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी शिक्षिका होते. दुसऱ्या मुलीच्या वेळी कळा फार लांबल्या. त्यानंतर खोकला आला, शिंक आली, बादली उचलली की लघवी निसटायची... कळायच्या आत.

जुन्या लुगड्याच्या घड्या लावून शाळेत जायचे. साड्या गडद रंगाच्याच. धानाच्या हंगामात राइस मिलचा कोंडा उडायचा, शिंकांवर शिंका यायच्या... तेव्हा मी वर्गात खुर्चीतून उठायचेच नाही. चंद्रपूरला जायचं तर सकाळपासून पाणी बंद.

तिथल्या एका डॉक्टरांनी नीट तपासलंही नाही. "पिशवी खराब आहे, काढून टाका. उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" त्या एका शब्दाने आम्ही दोघंही हादरलो. पस्तिशीसुद्धा उलटली नव्हती माझी. पिशवी काढली, टाके सुकले... आणि पहिल्याच खोकल्याला साडी ओली.

यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. "एकदा झालं ना आपरेशन? आता काऊन पुन्हा?" म्हणाले, आणि भात मागितला.

पुढे काही वर्षांनी ट्रेनिंगसाठी नागपूरला गेले होते. सोबतच्या एका बाईंनी माझा त्रास ओळखला आणि त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, "कधी होतं? खोकताना, की लघवीची घाई होऊन?"

तपासून त्या म्हणाल्या, "पिशवीचा यात काही संबंधच नव्हता. लघवीच्या नळीखालचा आधार सैल पडलाय." आधी काही महिने व्यायाम करून घेतले. त्याने भागलं नाही, तेव्हा नळीखाली जाळीची एक बारीक पट्टी घालायचं ठरलं. ती झोळीसारखी आधार देते.

ऑपरेशनच्या वेळी तेवढाच भाग बधिर केला होता, मी जागीच होते. छोटे छोटे तीन छेद, बस. मध्येच त्या म्हणाल्या, "खोका बघू." इतकी वर्षं दाबलेला खोकला... मी हळूच खोकले. "जोरात, घाबरू नका." जोरात खोकले. "बघा, कोरडं आहे."

मला रडू फुटलं. सिस्टर म्हणाली, आनंदाने रडताहेत. आनंद कसला... संताप होता. अर्ध्या तासाचं काम, आणि त्याच्यापायी मी पिशवी देऊन बसले होते.

घरी आल्यावर दुपारी सासूबाई खाटेपाशी येऊन बसल्या. आम्ही त्यांना माय म्हणायचो. माय कोणाच्या लग्नाला जायच्या नाहीत, बुद्धविहारातही दाराशीच बसायच्या. घरचे म्हणायचे, तिरसट आहे.

इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "तुले आता नाई होत?"

"नाही, माय."

"खोकलीस तरी?"

"खोकले तरी."

बराच वेळ लुगड्याचा काठ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहं बी करून देईल का वं ते डाक्टरीण?"

म्हणजे किती वर्षं... कोणत्या बाळंतपणापासून?

संध्याकाळी मी यांना आणि थोरल्या दिरांना सांगितलं. निदान दाखवून तरी आणू, मी रजा काढते. दीर हसले. "या उमरीत? लोकाइले काय सांगाचं, बुढीचं कायचं आपरेशन?" हे पेपरात डोकं घालून बसले. मी भांडले, आवाज चढवून भांडले. शेवटी आतून मायच म्हणाल्या, "राहू दे, बाई. म्या सहज इचारलं."

त्यानंतर मी दोनदा त्यांची बॅग भरली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

दोन-तीन वर्षांनी माय गेल्या. अंथरुणाखाली घड्या घातलेली फडकी निघाली, ती मीच काढली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, विहारात दीर बोलायला उभे राहिले. "आमच्या मायनं जिंदगीत कोणाले काही मांगलं नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बायकांतून उठले. "मांगलं होतं, भाऊजी. एकदा मांगलं होतं."

यांनी मान खाली घातली. दीर मायच्या साधेपणाबद्दल पुढे बोलू लागले.

आज मी पोट धरून हसते, त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत. पण मायनं काय मागितलं होतं, हे त्या दिवशी एकानेही विचारलं नाही... म्हणून इथे लिहिलं.