खिडकीतली बाई

आमचं लग्न एका परदेशी सिनेमावर ठरलं. पोह्यांचा कार्यक्रम उरकून पंधरवडा झाला तरी या गृहस्थांचा होकार येईना. मग निरोप आला, रविवारी सकाळी फिल्म सोसायटीचा खेळ आहे, मुलीला पाठवा. वडील मला हॉलच्या दारापर्यंत सोडून नारायण पेठेत परत गेले.

सिनेमा जगभर गाजलेला. एक ओसाड घर, खिडकीशी पाठमोरी उभी असलेली बाई, आणि कोणी चकार शब्द बोलेल तर शपथ. सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. मी तिच्यामागच्या फडताळातल्या बशा बघत होते. मला काहीही वाटलं नाही. इतक्या माणसांत आपण एकटेच कोरडे, या विचारानं मात्र घाम फुटला.

बाहेर चहा घेताना त्यांनी विचारलं, "शेवटी ती वळून थेट आपल्याकडे बघते, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

ती वळलेली मला आठवेना. पण मला हा माणूस आवडला होता. "अंगावर काटा आला," मी म्हटलं.

संध्याकाळी होकार आला.

त्यांचे मित्र पुढे कायम चिडवत, "अहो, ती वळतच नाही. आपण डुलकी काढलीत." हे शांतपणे माझ्याकडे बोट दाखवत. "हिनं पाहिलंय." एकदा मला म्हणाले, "त्या हॉलमध्ये ती आपल्या दोघांनाच दिसली. म्हणून तर तुला हो म्हटलं." खरं सांगायला तोंड उघडलं आणि भाजीला काय करू म्हणून विचारलं. शेवटच्या आजारात, हॉस्पिटलात, माझा हात धरून विचारत होते, "वळली होती ना?"

"वळली होती," मी म्हटलं.

ते गेल्यावर मुलीनं वारज्याच्या फ्लॅटमध्ये मला तो सिनेमा लावून दिला. भर दुपारी, लागोपाठ दोनदा पाहिला. पुन्हा काहीच वाटलं नाही. बाई वळत नाही, शेवटपर्यंत पाठमोरीच राहते.

टीव्ही बंद केला आणि मला तिचा चेहरा आठवला. हनुवटी बारीक, उजव्या भुवईत एक जुनी खाच. त्यांनी मला चेहऱ्याबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो रोज दिसतो, आणि मला भीती वाटते. त्यांनाही ती खाच दिसली होती का, एवढंच विचारायचं होतं.