ताईच्या पंचाहत्तरीला मी नव्हते

सदुसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा शौचातून रक्त पडलं. मूळव्याध असेल, म्हणून गप्प बसले. चाळीस वर्षं डॉक्टरांशी संसार केला, पण हे त्यांना सांगायची लाज वाटली. दीड महिन्यात दिवसातून आठ-दहा वेळा धावावं लागायला लागलं. इथे विलायतेत बेलग्रेव्ह रोडला भाजी आणायला निघाले तरी आधी वाटेत टॉयलेट कुठे आहे ते आठवायचे. एकदा बसस्टॉपवरच कपडे खराब झाले. कोट कमरेला गुंडाळून मी चालत घरी आले आणि दारातच ह्यांना सगळं सांगितलं.

"अगं, एवढे दिवस एकटीनं काढलेस?" एवढंच म्हणाले, आणि जीपीला, आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावला.

मग रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतडं पाहिलं. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. अल्सरेटिव्ह कोलायटिस.

"हे तरुणांना होतं ना?" मी नर्सला विचारलं.

"काहींना साठीनंतरही सुरू होतं," ती म्हणाली.

स्टिरॉइड सुरू झाली आणि नागपूरचं तिकीट रद्द झालं.

नागपूरला माझी थोरली बहीण एकटीच राहते. आई कायम आजारी, त्यामुळे मला वाढवलं तिनंच. तिच्या पंचाहत्तरीला जायचं कधीपासून ठरलं होतं. मी थाप मारली, ह्यांना बरं नाही म्हणून. सोहळा व्हिडिओ कॉलवर पाहिला. मी पाठवलेली साडी तिनं नेसली होती, पण निऱ्या कुणीतरी घाईत काढलेल्या, वेड्यावाकड्या. माझा हात आपोआप स्क्रीनकडे गेला.

दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. ती हसलीच.

"सारखं जावं लागतं, एवढंच ना? लहानपणी तुला धुतलं कुणी? मीच ना?" मग आवाज उतरला. "पण लवकर ये गं. मला आता नीट दिसत नाही."

औषधं हळूहळू लागू पडली. जानेवारीत मी गेले, विमानात टॉयलेटजवळची सीट मागून घेतली. दारात ताईनं माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. "वाळलीस," म्हणाली. बारा दिवस मऊ भात कालवून मला वाढत राहिली, अंदाजानं, ताटाबाहेर सांडत. मी सांडलेलं गुपचूप उचलत होते.

परत येऊन चार महिने झाले. पोट शांत आहे. सकाळी इथे चहा घेताना तिकडे दुपार झालेली असते, आणि ती एकटी जेवायला बसली असेल, हेच मनात येत राहतं.