पलीकडच्या घळीत बघा म्हणावं

"मेला म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला? बघितलंत तुम्ही?"

"हळू बोल, हाजरा. भिंतीला लागून बिऱ्हाड हाय."

"हळूच बोलत होते की इतके दिवस! काय झालं हळू बोलून? भाईजान, एक फोन. चंदूच्या बूथवर जायचं, नंबर फिरवायचा आणि सांगायचं, मी अकिबचा बाप, माझ्या पोराला डोंगराच्या पलीकडच्या घळीत बघा. बस. जास्त नाय मागत मी."

"आणि त्यांनी इथं पोलीस पाठवला तर? अकिब बिरवाडीला कारखान्यात जातो, रोज याच दारातून घरात शिरतो. त्याला कुठं लपवू? तांदळाच्या कणगीत?"

हाजराकडं उत्तर होतं: तुमचा घरात तरी शिरतो. पण ते मोठ्या दिराला, रमजानला, तोंडावर सांगता येण्यासारखं नव्हतं.

हरवला होता तो नौमान, हाजराचा एकुलता एक. पण ओमानमधल्या त्या कंपनीच्या लेखी नौमान नावाचा माणूस जन्मालाच आलेला नव्हता. तिथं हरवला होता अकिब, वडिलांचं नाव रमजान, आईचं नाव खतीजा. व्हिसा आला होता खरा अकिबचाच. पण त्याचं लग्न ठरलं, आणि ऐन वेळी त्यानं विमानात बसायला पाय मागे घेतला. रात्री जेवताना रमजानच म्हणाला होता, "आलेला व्हिसा फुकट कशाला घालवायचा? पोरं काय, एका साच्यातली." दोघांचं नाक आजाचं, दोघांची हनुवटी आजाची. न्हाव्याला समोर बसवून दाढी तेवढी सारखी केली, आणि अकिबच्या पासपोर्टवर नौमान विमानात बसला. सगळे हसले होते तेव्हा. हाजरा सगळ्यांत जास्त हसली होती.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. फोनवर कोणी नौमान म्हणायचं नाही. चंदूच्या काचेच्या खोक्यात उभी राहून हाजरा पोटच्या पोराला विचारायची, "अकिब बेटा, बरा हायस ना?" आणि तिकडून तो ओरडायचा, "बोल चाची! मा कशी हाय माझी?" ती सांगायची, "तुझी मा बरी हाय. उगाच काळजी करते." आधी दोघांना याची गंमत वाटायची. पुढं पुढं फोन ठेवल्यावर हाजरा बूथच्या पायरीवर थोडी टेकायची, मग घरी यायची.

मा म्हणायचा तो फक्त कॅसेटमध्ये. आखातातून कोणी सुट्टीवर आलं की साबण-अत्तराबरोबर नौमानच्या आवाजाची कॅसेट यायची. हाजरा टेपला कान लावून ती ऐके. कॅसेटभर चालण्याच्याच गोष्टी. पोरगा होताच तसा. बाप आंबेनळी घाटात ट्रक चालवायचा, आणि हा पोलादपूर सोडल्यावर गाडीतून उतरून पायवाटेनं वर चढायचा, बापाच्या आधी वळणावर जाऊन हात हलवत उभा राहायचा. "गाडीत बसून डोंगर कळतो होय, मा?" बाप गेल्यावर चढणं कमी झालं, सुटलं मात्र नाही. आंबेनळीच्या बाजूचे गुराखी सगळे त्याचे दोस्त. पाणी कुठं मिळेल ते पाखरांना विचार, हे त्यानं त्यांच्याकडूनच उचललं.

ओमानात वेल्डिंग करून करून डोळे लाल व्हायचे. सुट्टी लागली की कंपनीतले चौघेजण लाँच धरून एका बेटावर जायचे. त्या बेटाचं नाव हाजराच्या जिभेवर कधी बसलंच नाही. तिथं थोडे कोळी राहतात, बाकी सारा उघडा डोंगर. हे लोक पाठीवर पिशव्या टाकून चालायचे, मासे भाजायचे, रेतीवर झोपायचे. साहेब लोक पैसे देऊन करतात ती हौस. "मा, इकडं एवढं शांत हाय की आपलाच श्वास मोठा वाटतो. झाड नाय, पण पारवे हायत. संध्याकाळ झाली की सगळे डोंगराच्या पलीकडं जातात. तिकडं घळ हाय खोल. पाणी असणार म्हणजे असणार. पुढच्या ईदला मी त्या घळीत उतरणार. तू नको घाबरू."

ईद झाली. ईदच्या सुट्टीत चौघे गेले, तिघे परत आले.

दापोलीचा लतीफ त्यांतला एक. त्याचा फोन चंदूकडे आला, चंदू धावत हाजराला बोलवायला आला. "चाची," लतीफ म्हणाला, कारण नियम त्यालाही माहीत होता, "पहाटे तो एकटाच फिरून येतो म्हणून गेला. चपला किनाऱ्यावर सापडल्या. कंपनीवाले म्हणतात, पोहायला उतरला, समुद्रानं नेला. किनारा बघून झाला, आता शोध बंद करणार."

"चपला?" हाजरा ओरडली. "अरे, चढणीला तो बूट घालतो! चपला काढून ठेवल्या म्हणजे डोंगरावर गेला तो! सांग त्यांना!"

"सांगितलं, चाची. माझं कोण ऐकतंय? घरच्यांनी जोर केला तर डोंगरावर माणसं पाठवतील. पण घरच्यांनी."

मग हाजरानं स्वतः कंपनीचा नंबर फिरवला. तिकडचा कारकून केरळचा, हिंदी मोडकी पण बोलणं सभ्य. त्यानं विचारलं, आप कौन? ती म्हणाली, उसकी मा. त्यानं विचारलं, नाम?

पोरगा ओमानला गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी तिला त्या पोराची आई म्हणून नाव विचारत होतं. तिच्या तोंडून निघालं, "हाजरा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, पैदाइश का साल? तेही तिनं नौमानचंच सांगितलं. "अम्मा, आप गलत आदमी को पूछता है," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून ती मोठ्या दिराच्या ओसरीवर होती. सकाळची दुपार झाली, दुपार कलली.

"भाईजान, पाणी असेल तर माणूस जगतो. घळीत पाणी हाय. पाय मोडून पडला असेल. हाका मारत असेल."

"हाका," रमजान म्हणाला. "तुला वाटतं मला ऐकू येत नायत? माझ्या खांद्यावर वाढलाय तो. पण एक गेला म्हणून दुसऱ्याला मी बेड्या घालून देऊ? माझ्यानं होणार नाय, हाजरा. नाय होणार." त्यानं टोपी चाचपली आणि नमाजला जातो म्हणाला. अजान व्हायला अजून वेळ होता.

ओसरीवर उरल्या दोघी. खतीजा सुपात तांदूळ निवडत होती. कधीचे निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडत होती.

"भाबी," हाजरा सरकून तिच्याजवळ बसली. "तू तरी बोल. तू बोललीस तर काय खोटं नाय. कागदावर मा तूच हायस."

खतीजाचा हात थांबला. "जीभ उचलत नाय गो माझी. माझा अकिब हरवला म्हणून मी रडायचं? तो जिता, रात्री माझ्या हातची भाकरी खातो, आणि मी त्याच्या नावानं गळा काढायचा? वरच्यानं ते खरं धरलं तर?"

हाजरानं तिच्याकडे बघितलं. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण आला नाही. खतीजाच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

"बरं. मग मी रडते. अकिबची जन्मतारीख काय?"

"काय करतेस?"

"तारीख सांग."

"एक जून. मास्तरांनी गल्लीतल्या सगळ्याच पोरांना एक जून लावलाय."

"ते मलाही माहीत हाय. साल?"

"चौऱ्याहत्तर." खतीजानं सूप मांडीवर घट्ट धरलं. "फोनवरचा तो कारकून तुझा आवाज ओळखेल, हाजरा."

"ओढणी तोंडात धरून बोलीन. रडणाऱ्या बायका फोनवर सगळ्या सारख्याच. तुझ्या बापाचं नाव?"

"इस्माईल." मग, "माहेर वहूर. विचारलं तर."

"खतीजा, बाप इस्माईल, माहेर वहूर. पोरगा अकिब, चौऱ्याहत्तर." हाजरा पुटपुटली. पुन्हा पुटपुटली. दुसऱ्या वेळी 'पोरगा'नंतर ती अडखळली, डोळे मिटले, आणि नाव नीट उच्चारलं. मग उठून डोक्यावरची ओढणी सारखी केली.

सूप कलंडलं. खतीजानं तिचं मनगट धरलं होतं.

"आणि पोलीस आले तर? तुझ्या या फोननं माझ्या अकिबला घेऊन गेले तर? हाजरा, माझ्याकडं बघ. मग मी कोणाच्या दारात जाऊन बसू?"

हाजरानं मनगट हळूच सोडवून घेतलं. सांडलेल्या तांदळांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं गेली, चपला पायात सरकवल्या, आणि चंदूच्या बूथच्या दिशेनं चालू लागली.