गरुडाची टाच

फर्माकाकांच्या अंगणात नऊ बुडखे होते. एकाची मांजर झाली होती, एकाचं कासव, एकाची पाठमोरी बसलेली बाई. मांजर जरा चपलेवर गेली होती. कासवही. काकूंचं म्हणणं, बाईसुद्धा.

"सगळ्यांना बुटाचं तोंड कसं हो येतं तुमच्या हातून?"

"एकतीस वर्षं हात पायातच होते माझे," काका म्हणत, "आता सुटता सुटत नाहीत."

खोटं नव्हतं ते. काकांची सगळी नोकरी बुटांच्या कारखान्यात गेली, पण बूट त्यांनी एकही शिवला नाही. ते फर्मे करत. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर चामडं ताणायचं आणि बूट शिवायचा. सतराव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली लागले तेव्हा पहिला धडा एकाच शब्दाचा होता : टाच. आधी टाच काढायची, मग बाकीचा पाय. टाच बसली की पाय उभा राहतो. दुसरा धडा, आधी डावा. का, ते उस्तादांनी सांगितलं नाही आणि विचारायची छाती काकांना झाली नाही. पुढे प्लास्टिकचे फर्मे आले, लाकडाचं खातं बंद पडलं, आणि काका पटाशी, मोगरी, कानस एका गोणपाटात गुंडाळून घरी आले. फर्मे गेले, नाव तेवढं मागे राहिलं.

बुडख्यांचा नाद तिथून लागला. वखारीत बुडखा कोणाला नको असतो. मुळं जिथे खोडाला भिडतात तिथल्या रेषा पिळदार, गाठाळ. करवतीचे दात जातात. सरळ जळणात फेकतात. पण काकांनी एक गोष्ट हेरली होती. उभ्या झाडाजवळून माणूस मान खाली घालून जातो, बुडख्याजवळ मात्र थबकतो. वरच्या कड्यांवरून बोट फिरवतो. पिशवी टेकवतो. पोरं चढून उडी मारतात. "झाड उभं असतं," काका सांगत, "बुडखा बसलेला असतो. गप्पा बसलेल्या माणसाशीच होतात."

वाचनालयाच्या दाराशी दोन झाडं होती, दोन अंगाला दोन. डाव्याच्या फांद्या छपरावर आल्या म्हणून समितीने ते कंबरेइतकं ठेवून उतरवलं. उरलेला बुडखाही उपटायचा आणि तिथे गाड्या लावायला फरशी घालायची, असा अध्यक्षांचा बेत होता. ग्रंथपालबाई आडव्या आल्या. त्यांनी काकांना थेट समितीच्या बैठकीत आणून बसवलं.

"ह्याचं काहीतरी करता येईल ना हो, काका?"

"काहीतरी कशाला? चांगलं करू."

"गरुड करा," अध्यक्ष म्हणाले. "पंख पसरलेला. येत्या रविवारी बघायला येतो. जमला तर राहील, नाहीतर सोमवारी मशीन येईल."

काका सगळ्यांना घेऊन बाहेर आले, बुडख्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला आणि चारचौघांत जाहीर केलं, "ठणठणीत आहे. घ्या गरुड."

सोमवारी त्यांनी कागदाची पट्टी काढली. टेप ते वापरत नसत. पट्टी बुडख्याभोवती फिरवायची आणि माप आलं तिथे नखाने कातरा पाडायचा, ही कारखान्याची रीत. मंगळवारी पटाशी लावली, मागच्या बाजूला, खालून. दोन तासांनी ग्रंथपालबाई चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"काका, हे काय?"

"टाच."

"गरुडाला?"

काकांनी पाहिलं. खरंच, चांगली गोल, भरीव टाच निघाली होती. "उभा कशावर राहणार मग तो?" ते म्हणाले, पण कानाची पाळी लाल झाली.

बुधवारी वरून पंखांचं लाकूड मोकळं करायला घेतलं आणि तिसऱ्या ठोक्याला पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आली ती काळा, ओला भुसा घेऊन. काकांनी हात घातला. कोपरापर्यंत गेला. झाड आतून केव्हाच संपलं होतं. वीतभर जाडीचं कवच तेवढं धडधाकट होतं.

चूक कुठे झाली ते त्यांना लगेच कळलं. फर्म्याचा ठोकळा हातात मावतो. ह्या बाजूला टकटक केलं की त्या बाजूचं लाकूड ओ देतं. इथे ओ दिली ती सालीजवळच्या कवचाने. एकतीस वर्षांचा कान, पण ठोकळ्याएवढाच.

दुपारी ते घरी आले. काकूंनी पान वाढलं.

"गरुड मेला वाटतं?"

"पोकळ निघाला."

"मग आता काय, सोमवारी मशीन?"

"पोकळ लाकडाचं काय करतात, तेवढं आठवतोय."

काकू पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुम्हाला कशाला आठवायला हवं? जन्मभर पाय केलेत. पाय घालायला पोकळच लागतं की."

काकांचा घास हातातच राहिला. मग ते असे हसले, की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

गुरुवारी सकाळी ते पटाशीला हातच न लावता तासभर वाचनालयासमोर बसून राहिले. दारावर पाटी होती : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' टेकायला मात्र काही नव्हतं. येणारा प्रत्येक जण चौकट धरून एका पायावर लंगडी घालत होता. एक आजोबा तर बंद सोडताना ग्रंथपालबाईंच्या खांद्यावरच आले. काकांनी रस्त्याकडे गेलेल्या जाड मुळाचं माप घेतलं. गुडघ्याइतकं उंच, रुंद, वर जरा फुगीर. पट्टीला कातरा पाडला आणि ते उठले.

शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. खोडाचा घोटा झाला, पोकळीचं तोंड झालं, मुळाचा चवडा झाला. चालून चालून पडतात तशा सुरकुत्या, एक सुटलेला बंद. टाच तयारच होती. ती फक्त बाहेरच्या अंगाने झिजवली, कारण बहुतेक माणसं तशीच झिजवतात.

रविवारी अध्यक्ष आले. एकदा बुडख्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"गरुड कुठंय?"

"उडाला. बूट ठेवून गेला."

मागे ग्रंथपालबाईंना ठसका लागला.

"थट्टा नकोय. वाचनालयाच्या दारात जोडा? लोक काय म्हणतील?"

"लोक दारातच काढतात, साहेब. पाटी तुमचीच आहे." काकांचा आवाज चढला नाही. "आतून पोकळ होता. मी ठणठणीत म्हणालो ती माझी चूक, कबूल. गरुड केला असता तर पावसाळ्याभरात पंख गळाले असते. हा नाही गळणार. खालून पाण्याला वाट काढलीय."

"असं कसं चालेल? समितीचं ठरलं होतं—"

"आत चला, रजिस्टरात तसं लिहू," ग्रंथपालबाई मध्येच म्हणाल्या. "पण बूट काढून या हं."

अध्यक्षांच्या बुटांना बंद होते आणि अध्यक्षांना पोट होतं. त्यांनी चौकट धरली, एक पाय उचलला, वाकायला गेले आणि थांबले. इकडेतिकडे पाहिलं. मग बुडख्याच्या चवड्यावर बसले. माप बरोबर होतं. पाय पुरते टेकले. सावकाश एक बंद सोडला, दुसरा सोडला. दोन्ही बूट काढून झाले तरी उठले नाहीत. हात नकळत लाकडाच्या सुरकुत्यांवरून फिरत होता.

"हा डावा आहे," ते शेवटी म्हणाले.

"डावा."

"मग उजवा?"

काकांनी दाराच्या पलीकडे, दुसऱ्या अंगाच्या झाडाकडे मान वळवली. त्याच्याही दोन फांद्या छपराकडे निघाल्या होत्या.

"तो झाडात आहे अजून," काका म्हणाले. "काढू?"

अध्यक्षांनी वर फांद्यांकडे पाहिलं. मोजे झटकले.

"नको, असू दे तिथंच," ते म्हणाले आणि आत गेले. सोमवारी मशीन आलं नाही.