मामांचा वाफसा

निजामाच्या मोगलाईत आमच्या बेला गावाकडचे लोक दोघांनाच वचकून असत: पिकांची पाहणी करत फिरणाऱ्या गिरदावराच्या घोड्याला आणि माझ्या थोरल्या मामांना. त्यातला घोडा निदान चारा टाकल्यावर गप्प बसे. मामा बारमाही चिडत, पण रब्बीची ज्वारी पेरायची वेळ आली की त्यांच्या संतापाला खरा बहर येई. पाऊस ओसरून काळी जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी झाली, की वाफसा आला म्हणायचं आणि तिफण जुंपायची. पण तो मामांना कबूल व्हायला हवा ना! ते ढगांवर ओरडत, हस्त-चित्रा नक्षत्रांचा उद्धार करत, शेजाऱ्याने आधी पेरलं तर त्याच्या बैलांनाही शिव्या घालत. गिरदावराने एकदा विचारलं, "पटेल, अभी तक बोये नहीं?" मामा बांधावरून गरजले, "जमीन काय हुजुरांची नौकर हाय? हुकमानं वाळन?" घोडाच दोन पावलं मागे सरला.

खरं भांडण मामीशी. ती अनवाणी वावरात उतरे, टाच दाबून बघे आणि म्हणे, "झाला वाफसा. पेरा." "डोंबलाचा वाफसा! काई समजते का तुले?" मग दोघं मातीचे गोळे वळून एकमेकांच्या नाकापुढे नाचवत. शेवटी भांडता भांडताच मामा तिफण जुंपत आणि मामी चाड्यावर मूठ धरे. बी सोडायचा मान तिचा.

एका साली मामी लेकीच्या बाळंतपणाला पैनगंगेपल्याड गेली. गावाची पेरणी उरकली, ओल उडू लागली, वर्षाची भाकर त्याच वावरावर. आणि मामा नुसते गोळे फेकत तणतणत होते. शेवटी बैलगाडी पिटाळत गेले आणि व्याह्यांच्या दारातूनच ओरडले, "तू इथं बसून राह्यली, तिकडं वावर वाळून राह्यलं!"

"मंग पेराचं होतं ना! मले काऊन इचारता?"

"तू 'पेरा' म्हनल्याबिगर मी 'नाई' कोनाले म्हनू?"

वाटभर भांडत दोघं परतली. ज्वारी उशिरा पेरली, पण पिकली.

मामी वारली त्या वर्षी मामा कोणावरच चिडले नाहीत. शेजारी आधी पेरून गेले तरी नाही. गावाला धास्तीच बसली. मी भेटायला गेलो, तर बांधावर मातीचा गोळा घेऊन बसलेले. म्हणाले, "झाला का रे वाफसा?"

मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. तरी वहाणा काढून वावरात उतरलो, टाच दाबली आणि म्हणालो, "झाला मामा. पेरा."

मामांनी बराच वेळ माझ्या पावलांकडे पाहिलं.

"डोंबलाचा वाफसा," ते हळूच म्हणाले, आणि तिफण काढायला उठले.